दीड फेऱ्यात घट्ट

२ एप्रिल, सकाळी ६.२०
ही तीस तारखेला निवृत्त होतेय. बत्तीस वर्षं शाळेत, त्यातली नऊ मुख्याध्यापिका. काल जेवताना मी जाहीर करून टाकलं की शेवटच्या दिवशी मस्टरवरची शेवटची सही ती माझ्या हातच्या पेनाने करेल. शाईचं पेन. बॉडी, टोपण, निब, क्लिप, कड्या, सगळं मी स्वतः घडवणार.

चिरंजीवांनी विचारलं, बाबा, तुम्ही याआधी हाताने काय बनवलंत? मी म्हटलं, तू बसतोस ते दुकान.

ज्याने सायकलच्या कॅरियरवर नट-बोल्टची पोती वाहून तीन शटरचं दुकान उभं केलं, त्याला वीतभर पेन म्हणजे काय? पेन म्हणजे शेवटी एक पोकळ बोल्ट आणि एक लांब नट. आट्यांचा धंदा केलाय मी, पस्तीस वर्षं.

ही म्हणाली, माझ्याकडे पेन आहे की. आहे ना. सासरेबुवांनी नोकरी लागली त्या दिवशी दिलेलं. बत्तीस वर्षं तेच. सासरेबुवांनी मला पहिल्या भेटीत विचारलं होतं, खिळे विकून घर चालतं का. माणूस गेला, पेन अजून विचारतंय. असो. त्यांचं पेन विकतचं होतं, माझं हाताचं असेल.

४ एप्रिल
मागच्या गॅलरीत कारखाना सुरू. हिच्या इस्त्रीच्या टेबलाला व्हाइस, म्हणजे जिन्नस आवळून धरायचा लोखंडी शिकंजा, बसवला. टेबलाला चार भोकं पडली, पण टेबल आता हलत नाही, हा फायदा कुणी बोलून दाखवत नाही.

निब विकत घ्यायची असं ठरलं. जगात कुणीच घरी निब बनवत नाही. चौकशी केलेली नाही, पण खात्री आहे.

७ एप्रिल
बॉडी आणि टोपण लेथवर करून घेतलं. आपला जुना गिऱ्हाईक आहे, टर्नर. काळ्या एबोनाइटच्या कांडीतून अर्ध्या तासात दोन्ही कातून दिलं. मी शेजारी उभा राहून सूचना देत होतो. तो म्हणाला, शेठ, तुम्ही तिकडे चहा घ्या, मग काम लवकर होईल. अगत्यशील माणूस.

हाताने बनवणं म्हणजे मुख्यतः धातूचं काम. क्लिप, कड्या आणि आटे. खरी कला तिथेच. लाकूडकाम-प्लॅस्टिककाम कुणीही करतं.

९ एप्रिल, दुपारी
मापासाठी हिचं पेन हवं होतं. ती आंघोळीला गेल्यावर पर्समधून घेतलं. टोपण व्हाइसमध्ये धरून आतला व्यास बघत होतो. फडकं गुंडाळायला पाहिजे हे मला माहीत होतं. फडकं आत होतं, गॅलरीपासून आठ पावलांवर.

आवाज विशेष मोठा नव्हता.

९ एप्रिल, दुपारी, थोड्या वेळाने
टोपणाला केसाएवढी रेघ दिसते. आधीपासून असावी.

९ एप्रिल, संध्याकाळी
रेघेतून नख जातं.

१० एप्रिल
हिला आज मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर सह्या करायच्या होत्या. पेन कुठंय म्हणाली. मी म्हटलं, सर्व्हिसिंगला दिलंय, निरोपसमारंभाआधी चकाचक करून आणतो. कुणाकडे दिलं? पेनवाल्या काकांकडे. ती बरं म्हणाली आणि बॉलपेन शोधायला लागली.

खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही. म्हणून दुपारी खरोखरच काकांकडे पेन देऊन आलो.

पेनवाले काका म्हणजे शाळेच्या रस्त्यावरचं कपाटाएवढं दुकान. ऐंशीला टेकलेत. पेन हातात घेतल्याबरोबर म्हणाले, हे तर बाईंचं. दरवर्षी सुट्टीत धुवायला आणतात. मग टोपण उजेडात धरून विचारलं, काय झालं याला? मी म्हटलं, पडलं. ते म्हणाले, शेठ, पडलेल्या पेनाला दात उमटत नाहीत. व्हाइसच्या जबड्याच्या खुणा होत्या म्हणे. दोन्ही बाजूंना.

तेव्हा मी म्हटलं की आमच्या एका कामगाराने केलं.

हे लिहायला नको होतं. पण रोजनिशी आहे, कोण वाचतंय.

११ एप्रिल
माझे कान तीक्ष्ण आहेत. धंद्यात त्यावरच तरलो. गिऱ्हाईक बाहेर बायकोशी काय कुजबुजतो ते ऐकून मी भाव सांगायचो. आज आतल्या खोलीत ही फोनवर बोलत होती. हो का. नाही, मला काही बोलले नाहीत. असू द्या काका, तुम्हीही बोलू नका, मी वाट बघते.

समारंभाचं काहीतरी असणार. हिचे एक काका भाषण करणार आहेत बहुतेक.

१४ एप्रिल
पितळी पट्टीतून क्लिप कापली. कानस घेऊन चार तास. छातीच्या खिशाला लावून बघितली, इतकी घट्ट पकड की काढताना खिसाच आला. उत्तम ग्रिप. शर्ट जुनाच होता.

जेवताना हिने विचारलं, तुम्हाला मला काही सांगायचंय का? मी म्हटलं, सरप्राइज असतं ते सांगत नाहीत. ती माझ्याकडे बघत राहिली. बायकांना गिफ्टची उत्सुकता आवरत नाही.

१८ एप्रिल
दुकानात जाऊन बॉडीवर आटे पाडायला डाय आणला. चिरंजीव म्हणाले, मी काढून देतो, इंची हवाय की एमएम? मी बोर्डाकडे बोट दाखवलं. काउंटरच्या मागे माझ्या हातचा बोर्ड आहे, एकोणतीस वर्षांपासून: इंची आणि एमएम मिसळू नये. मिसळणाऱ्यास माफी नाही. एका सेल्समनने दोन्हीचे बोल्ट एका डब्यात टाकले, तेव्हा मी त्याला आठवडाभर घरी बसवलं होतं. आणि मला विचारतोय कुठला हवाय. माझा हात आपोआप बरोबर खणात जातो.

बॉडीवर आटे पडले. लोण्यासारखे.

२० एप्रिल
पितळी नळीचे काप काढून कड्या केल्या. सात. एक टोपणाला लागेल, सहा स्पेअर.

एक कडी बोटात घालून हिला दाखवली. म्हणाली, लग्नातली याहून गोल होती. विनोद चांगला केला. मग परत तेच, काही सांगायचंय का. मी म्हटलं, दहा दिवस दम धर. ती म्हणाली, बरं, तीस तारखेपर्यंत धरते.

२५ एप्रिल
काकांकडून जुनं पेन आणलं. तडा चिकटवून वरून एक पितळी कडी बसवायला हवी, नाहीतर पुन्हा उघडेल, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. मी माझ्या सातही कड्या घेऊन गेलो होतो, म्हटलं वापरा यातली कुठलीही. त्यांनी एकेक कडी काउंटरच्या काचेवर घरंगळवून बघितली. एकही काचेच्या टोकापर्यंत गेली नाही. काच समतल नसावी. त्यांनी स्वतःची कडी आधीच करून बसवली होती. बारीक, सरळ, जणू पेनाबरोबरच जन्मलेली. आग्रही म्हातारा.

निघताना म्हणाले, कामगाराला सांगा, बाईंना एकदा भेटून ये म्हणावं. बाई रागवायच्या नाहीत.

म्हटलं, सांगतो.

पेन माझ्या खिशात आहे. हिला नंतर देईन. नवं दिल्यावर जुनं कोण विचारतं.

२७ एप्रिल
आज टोपणाच्या आतले आटे. ते पाडायला दुकानातून टॅप आणला. चिरंजीव जेवायला गेले होते, बरं झालं.

टोपण लावून बघितलं. दीड फेऱ्यात घट्ट! पुढे तसूभर हलत नाही. बाजारातली पेनं चार-चार फेऱ्या फिरवावी लागतात. थोडा जोर लावून काढलं, शाई भरली, कागदावर एक ओळ लिहिली. लिहितं! डाग एकच पडला, तोही लेंग्यावर. मग जपून, पण चांगलं दाबून टोपण बसवलं. आता समारंभापर्यंत उघडणार नाही.

३० एप्रिल, दुपारी ४
शाळेतून आत्ताच आलो. ही अजून तिथेच आहे, मुलांच्या पालकांनी घेरलंय. मी डोकं दुखतंय म्हणून निघालो.

व्यवस्थित लिहितो. हॉल भरला होता. मला पहिल्या रांगेत बसवलं. भाषणं झाली. मग क्लार्कने मस्टर आणून टेबलावर ठेवलं. मी स्टेजवर गेलो आणि मखमली डबीतून पेन काढून हिच्या हातात दिलं. टाळ्या. तिने टोपण फिरवलं. फिरलं नाही. तिने रुमाल धरून फिरवलं. मग मी फिरवलं. मग क्लार्कने. मग पीटीच्या सरांना बोलावलं. त्यांनी बाह्या वर केल्या तेव्हा मुलं हसायला लागली. पीटीच्या सरांनी जोर केला आणि क्लिप निघाली. ती तिसऱ्या रांगेत संगीताच्या बाईंच्या मांडीवर पडली.

हिने माइक जवळ ओढला. म्हणाली, पेन यांनी स्वतः बनवलंय, आणि यांचं काम असंच पक्कं असतं, एकदा बसलं की बसलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग तिने शिपायाकडून बॉलपेन घेऊन सही केली. बत्तीस वर्षांची शेवटची सही, शिपायाच्या बॉलपेनने. टोपणही नव्हतं त्याला, मागून चावलेलं होतं.

सासरेबुवांचं पेन तेव्हा माझ्या आतल्या खिशात होतं. काढून देता आलं असतं. हात खिशापर्यंत गेलाही. पण देताना सगळ्यांसमोर काहीतरी बोलावं लागलं असतं.

खाली येऊन बसलो. मागच्या रांगेत दोन शिक्षिका कुजबुजत होत्या. माझे कान. एक म्हणाली, बाईंच्या वडिलांचं पेन व्हाइसमध्ये चिरडलं ते यांनीच ना? दुसरी म्हणाली, यांनीच. पण नाव कामगाराचं सांगितलं पेनवाल्याला. पहिलीने विचारलं, कुठला कामगार? घरी तर तिघंच असतात. मग दोघी पदराआड हसल्या. मग दुसरी म्हणाली, हळू बोल, मोठ्या बाईंनी सगळ्यांना बजावलंय, कुणी काही विचारायचं नाही, ते स्वतः सांगतील म्हणून. तीस तारखेपर्यंत वाट बघणार आहेत.

म्हणजे अख्खी स्टाफरूम. वीस दिवस. आणि मी परवाच जाऊन तिथे सगळ्यांना कड्या दाखवून आलो होतो.

काही सांगायचंय का. तीनदा की चारदा विचारलं तिने. मागची पानं चाळायची इच्छा नाही.

३० एप्रिल, संध्याकाळी ६.३०
ही आली. फुलं बादलीत ठेवली. पाय दुखतायत म्हणाली. मी पाणी दिलं. ती माझ्याकडे बघत होती, मी बादलीकडे.

तारीख अजून तीसच आहे.

३० एप्रिल, संध्याकाळी ७.१०
सांगितलं. पेन तिच्यासमोर ठेवलं आणि म्हटलं, हे मी मोडलं. व्हाइसमध्ये. तुला न विचारता घेतलं होतं. कामगार वगैरे कुणी नव्हता. एवढंच बोललो. पस्तीस वर्षं बोलण्यावर पोट भरलंय मी, चार वाक्यांत संपलो.

तिने पेन उचललं. टोपण काढलं, लावलं, काढलं. चार फेऱ्या. मग म्हणाली, बाबांनी हे दिलं तेव्हा नोकरी टिकेल का अशी शंका होती त्यांना. तुमच्याबद्दलही होती. दोन्ही टिकलं, हे त्यांना सांगायचं राहून गेलं. आणि अंगठ्याने ती तड्यावरची कडी चाचपत राहिली.

तिथे थांबायला हवं होतं. मला शांतता सहन होत नाही, धंद्यातली सवय. मी म्हटलं, ती कडी मात्र मी केलेली आहे.

तिने पेन दिव्याखाली धरून फिरवलं. म्हणाली, चांगली गोल आहे.

आणि आत गेली.

१ मे, सकाळी ७
कडी काकांची आहे हे हिला सांगायचं. चहाच्या आधी.

१ मे, सकाळी ७.४०
चहा झाला.

१ मे, सकाळी ८
सांगितलं. ती म्हणाली, माहीत आहे, काका तुमच्या सातही कड्यांचं वर्णन करून मोकळे झालेत. मी विचारलं, मग काल बोलली का नाहीस? ती म्हणाली, एका दिवसात दोनदा खरं बोलायला लावणं बरं दिसलं नसतं.

मग सासरेबुवांच्या पेनाने बाजाराची यादी लिहायला बसली. पहिल्या ओळीत लिहिलं, इस्त्रीचं टेबल.

४ मे
दुकानात गेलो. नवं पेन मी परवा चिरंजीवांकडे उघडायला दिलं होतं. त्यांनी नुसतं हातात घेऊन फिरवलं आणि आवाजावरून सांगितलं, बाबा, बॉडीला एमएम आणि टोपणाला इंची. मी म्हटलं, शक्यच नाही.

आज बघतो तर पेन उघडलेलं नाही. तारेने बांधून बोर्डाखाली टांगलंय. गिऱ्हाईक विचारतात ते काय आहे, चिरंजीव सांगतात, सॅम्पल. दोन सेल्समन खाली बघून बिलं फाडत होते. आठवडाभर घरी बसवलेला त्यातलाच एक. त्याने मला स्टूल दिलं.

बसून बोर्ड पुन्हा वाचला. अक्षर माझंच आहे. चांगलं आलंय. बॉलपेनने लिहिलं होतं, मग वरून रंग भरला होता.