आईच्या कागदावरचं पहिलं अक्षर

७ ऑक्टोबर २०१४, हामछांग

क्षमा असावी. थोरांच्या विषयात लिहिण्याचा मला अधिकार नाही. पण विचारू कुणाला? एकोणीस तारखेला आईचं पहिलं श्राद्ध. तिच्या नावाचा जो कागद पूजेत उभा करायचा, तो यंदा मी लिहायचा आहे. मोठ्या काकांचा हात लिहिताना थरथरतो. ते म्हणाले, "वर्गात पहिली येतेस ना ईसल? मग ती चिनी अक्षरं आमच्याही कामाला येऊ देत."

९ ऑक्टोबर

आज आपल्या कोरियन लिपीचा सण, शाळेला सुट्टी — आणि मी दिवसभर चिनी अक्षर घोटत बसले! कागदावरचं पहिलं अक्षर 顯. अर्थ: प्रकट होणे. कोशात त्याचं मूळ दिलं आहे — वर सूर्य, त्याखाली रेशमाचे धागे, उजवीकडे माणसाचं डोकं. उन्हात रेशीम धरून पाहणारं माणूस.

मागावर बसण्यापूर्वी आई प्रत्येक लडी खिडकीशी नेऊन अशीच पाहत असे. हे अक्षर तिचंच आहे.

१२ ऑक्टोबर

काकांनी कागद परत केला. "हे अक्षर मुलांनी आईबापांसाठी लिहायचं. श्राद्धाचा यजमान तुझा बाप. मद्याचा पहिला पेला तो ओतणार, म्हणजे कागद त्याचा. नवरा बायकोला लिहितो 亡 — गेलेली."

"पण काका, आई तर एकच."

"आई एकच गं. कागद कुणाचा ते बघ, पंडितीणबाई."

बाबा वाळवणासाठी पर्सिमनची फळं सोलत होते. मान वर केली नाही.

१५ ऑक्टोबर

दोन कागद लिहिले. एकावर ती गेलेली, दुसऱ्यावर प्रकट झालेली. नियम काकांचा बरोबर आहे. मग पहिला कागद त्यांना द्यायला माझा हात का अडतो, कळत नाही.

१८ ऑक्टोबर

बाबांना चिनी अक्षरं येत नाहीत. दोन्ही कागद समोर धरून त्यांनी विचारलं, "यातली तुझी आई कुठली?"

मी सूर्य, धागे, डोकं बोटाने दाखवलं.

"मान इतकी ताठ नसायची तिची," ते म्हणाले. मग कागद खाली ठेवून — "हा कागद ठेवायला काय करावं लागतं?"

"पहिला पेला मी ओतावा लागेल, बाबा."

ते उठून पुन्हा पर्सिमन सोलायला बसले.

१९ ऑक्टोबर

'मोठे काका, क्षमा असावी. बाबांनी सांगितलं आहे, आज ते मागच्या रांगेत उभे राहतील. यजमान मी आहे. कागद माझा आहे.'

फोनवरून काकांना पाठवलं. १९ ऑक्टोबर २०१४, सकाळी सात वाजून बारा मिनिटं.