डावा कान

एजन्सीच्या मॅडम,

तुम्ही घरी पाठवलेला हेडफोन फुकट होता, पण आम्हाला त्यापायी लेकीचा डावा कान मोजावा लागला. ती घरून कंपनीच्या ग्राहकांचे कॉल घेत असताना त्यात कर्कश शिट्टी वाजली आणि तो कान कायमचा गेला. तुम्ही म्हणता, "काम कंपनीचं, त्यांना विचारा." कंपनी म्हणते, "ती तात्पुरती, एजन्सीची." आणि दोघंही वर म्हणता, "घर तर तुमचंच ना, काका!" मग हे पत्र पाठवू तरी कुणाला?

मी गॅरेजवाला. शून्यातून उभा राहिलो तो या कानांच्या जोरावर. गाडी गल्लीत वळायच्या आत तिचं दुखणं सांगतो. लेक हसून म्हणते, "बाबा, उजवीकडून बोला."

शिट्टी वाजली तेव्हा मी तिच्या शेजारीच जेवत होतो. मला काहीच ऐकू आलं नाही.

तिचा बाप