आवाज पिणाऱ्या भिंती

१० नोव्हेंबर, सोमवार

"पण मॅडम, शोषण तर वाईट असतं ना?"

वर्गात हशा! मी फळ्यावर 'ध्वनीचे शोषण' लिहिलं होतं, आणि पोरांनी नागरिकशास्त्रात 'बालकांचे शोषण' वाचलेलं. मग सांगत बसले – टीपकागद शाई शोषतो, माती पाणी शोषते, जाड पडदा आवाज शोषतो. एकच शब्द. इकडे ओल, तिकडे जुलूम. पोरं पुन्हा हसली. डिंपल मागाहून हसली, बाकीच्यांची तोंडं पाहून.

दोन्ही कानांना यंत्रं आहेत तिच्या. तरी माझं बोलणं पोचत नाही. हा वर्गच तसा! वर पत्रा, खाली फरशी, भिंती उघड्या. माझा आवाज फिरून माझ्यावरच येऊन आदळतो. यंत्र बिचारं काय करणार – शब्दही मोठा करतं आणि त्याचा गोंधळही.

११ नोव्हेंबर

डिंपलचे वडील आले – उखर्डूभाऊ. केळीच्या कटाईवरून थेट. सदऱ्यावर चिकाचे काळे डाग.

"दिवाळी झाली. आता तिले धुळ्याले नेतो. देवपुरात राह्यची शाळा हाये. तिथं तिच्यासारखे पोरं भेटतीन."

आमचे हेडसर, शालिग्राम सर, मान डोलवत होते. मी देवपूरचीच. ती शाळा पाहिलेली आहे. चांगली आहे, खोटं कशाला बोलू? पण डिंपल बाहेर व्हरांड्यात उभी, आणि तिला कुणी विचारतच नव्हतं. मी बाहेर जाऊन विचारलं.

"मले इथंच बसायचं हाये."

एवढंच. आत येऊन म्हटलं, महिनाभर थांबा.

"महिन्याभरात कान येतीन का, मॅडम?"

"कान नाही. वर्ग बदलते."

बोलून तर गेले! कसा बदलणार, देव जाणे.

१३ नोव्हेंबर

आज प्रत्येकाने घरून एकेक गोधडी आणली. दोऱ्या बांधून चारी भिंतींना लटकवल्या. हेडसर दारात – "शाळा आहे की धर्मशाळा?"

डिंपलला पाठमोरी उभी केली. मागून एकेक शब्द म्हणत गेले. वेळ, केळ, खेळ, मेळ. काल एकही धड ओळखता आला नव्हता. आज फक्त 'मेळ'चं 'वेळ' झालं! तिने वळून माझ्याकडे पाहिलं – मी काही चूक केली का, असं. मी टाळ्या वाजवत होते. टाळीचासुद्धा पडसाद नाही. भिंतीने पिऊन टाकली.

१४ नोव्हेंबर

गोधड्या परत. थंडीचे दिवस, आया रागावल्या. बरोबरच आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

गावाबाहेर मगनभाऊंची शेड आहे, केळीच्या खोडातून धागा काढतात. घड कापला की शेतकरी खोड बांधावर टाकतात, ते मगनभाऊ उचलून आणतात. धागा विकला जातो, उरलेला चोथा-गुंता ढिगाने पडून. मुठीत घेतला – हलका, भुसभुशीत, आत हवाच हवा. अगदी हवा होता तसा!

"न्या ना," मगनभाऊ म्हणाले. "पण करणार काय याचं?"

"आवाजाला खायला घालणार."

मगनभाऊंनी माझ्याकडे जरा काळजीनेच पाहिलं.

१९ नोव्हेंबर

डिंपलची आई, मंदाबाई, आपणहून आल्या. सोबत गल्लीतल्या बाया. सुतळीच्या कापडाच्या पिशव्या शिवायच्या, चोथा वाळवून, पिंजून आत भरायचा, लाकडी चौकटीत बसवायचं. मंदाबाई पूर्वी शाळेत आल्या की दाराशीच थांबायच्या. आज वर्गाच्या मधोमध पाय पसरून शिवत होत्या. "मॅडम, टाका जवळ घ्या, न्हाई त सुटीन."

माझा टाका खरंच वाईट आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळपासून आकडेमोड. जाडी किती, कुठे लावायचं, छताला की भिंतीला. दूध उतू गेलं, कळलं नाही. जेवायचं राहिलं. आईचा धुळ्याहून फोन – म्हणे तिसऱ्यांदा करतेय.

"चित्त कोठे शे तुन्हं?"

काय सांगू? माणूस असं पुरतं गढून जातं तेही शोषणच की. कुणी तरी मला पिऊन टाकत होतं, आणि मला सुख वाटत होतं. किती वर्षांनी!

२७ नोव्हेंबर

चौकटी भिंतींना लावल्या. काही फरक नाही. डिंपल परत तोंडाकडे पाहत बसली. हेडसर दारातूनच पाहून गेले.

२८ नोव्हेंबर

उखर्डूभाऊ रस्त्यात भेटले. "तिची ट्रंक घेतली, मॅडम." निळी आहे म्हणे. मी मान हलवली. घरी येऊन खूप रडले. मग तोंड धुतलं आणि चौकटी पुन्हा उघडल्या.

३० नोव्हेंबर

सापडलं! मूर्ख मी. चौकटी भिंतीला घट्ट चिकटवल्या होत्या, आणि भरण पातळ. मागे हवेची पोकळी हवी, भरण दुप्पट हवं. आणि खरा चोर वर आहे – पत्रा!

४ डिसेंबर

"छताला लावलं तर उंदीर होतील," हेडसर म्हणाले.

"मग मांजर पाळू."

हसले! आणि संध्याकाळी पाहते तर स्वतः शिडीवर. धोतराचा काचा मारून. खाली मगनभाऊ शिडी धरून, मंदाबाई चौकटी वर देतायत. "सर, डावीकडं. अजून. बस!" हेडसरांना डावीकडे करायला सांगणारं माणूस शाळेत आजवर झालं नव्हतं.

८ डिसेंबर

आज वर्गात शिरले आणि दचकले. पोरं तेवढीच बोलत होती, पण वाटलं, दार बंद करून कुणी बाहेरचा बाजार थांबवला. हळू आवाजात शिकवलं. घसा दुखला नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

कसं लिहू!

हेडसरांनी ठरवलं – श्रुतलेखन ते स्वतः घेणार, उखर्डूभाऊंसमोर. पुस्तक तोंडापुढे धरलं, ओठ दिसू नयेत म्हणून. उखर्डूभाऊ शेवटच्या बाकावर, टोपी मांडीवर. डिंपल पहिल्या बाकावर.

सर वाचत गेले. ती लिहीत गेली. एकदा थांबली. माझा जीव गेला. तिने हात वर केला – "सर, 'काठ' का 'गाठ'?"

तिने विचारलं! भरल्या वर्गात! आजवर समजलं नाही की गप्प बसायची.

"काठ. नदीचा," सर म्हणाले.

वही तपासली. दोन वेलांट्या चुकल्या, त्या तर माझ्याही चुकतात. सर काही बोलणार, तेवढ्यात मागून हाक आली. मोठी नाही. घरात मारतात तशी, बसल्या जागेवरून.

"डिंपल."

ती वळली. "काय, बाबा?"

उखर्डूभाऊंनी टोपी तोंडावर धरली. खांदे हलत होते. वर्ग इतका शांत, की त्यांचा हुंदकाही भिंतींनी अलगद घेतला. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळे सुटले. मंदाबाई दारातून धावत आत. हेडसर चष्मा पुसत "शांत, शांत" म्हणत होते, कुणी ऐकत नव्हतं.

बाहेर पडताना उखर्डूभाऊ म्हणाले, "ट्रंकेत आता गहू भरू."

जिंकलो! जिंकलो!

१५ डिसेंबर

हेडसर शिक्षकांच्या खोलीत म्हणाले, "मुलीला आपण सामावून घेतलं." छान वाटलं, पण मनात खुटखुट. मीठ पाण्यात सामावतं तसं नको. दिसलं पाहिजे. आणि तशी ती दिसतेय – पहिल्या बाकावर, भांडतेय, खोडरबर कुणाचं यावरून.

१८ डिसेंबर

मधल्या सुट्टीत डिंपल आली. दार लोटून घेतलं.

"मॅडम, पुनमलेबी ऐकू येत नाही."

पुनम. आमच्याच वर्गातली, लाजरी, गप्प. अख्खी शाळा तिला मंद समजते. यंत्र नाही, तपासणी नाही, घरच्यांनाही ठाऊक नसावं.

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. ते माह्यासारखीच तोंडाकडं पाह्यते."