पारदर्शक बाटली आणि मी

४ मार्च
आजपासून रोज लिहिणार. मोठं होणाऱ्या माणसाला ही सवय हवीच.

शाम्पूच्या लाइनवर पांढऱ्या बाटल्या जाऊन पारदर्शक आल्या. जुना सेन्सर एका दिवसात आंधळा. त्याचा हिशेब साधा होता. अलीकडची डबी प्रकाश सोडणार, पलीकडची झेलणार, मध्ये बाटली आली की प्रकाश तुटणार आणि नळीतून शाम्पू पडणार. आता प्रकाश बाटलीतून आरपार जातो. मॅनेजरसाहेब म्हणाले, हे सोडवा, तुम्हाला वर डिझाइन ऑफिसमध्ये घेतो. वर खिडकी आहे! आमच्या हॉलला एकही नाही. फार तर दोन दिवसांचं काम. बायकोला फोन करून वर गेल्याचंच सांगून टाकलं.

६ मार्च, सकाळ
नवीन सेन्सर बसवला. याला पलीकडे जोडीदार लागत नाही. स्वतः प्रकाश टाकतो, वस्तूवर आपटून परत आलेला स्वतःच टिपतो. स्वावलंबी. माझ्यासारखा.

दुपार
बाटली दिसत नाही त्याला. ऑपरेटरबाईंची पांढरी बाही मात्र लगेच दिसते. त्या वाकल्या की रिकाम्या पट्ट्यावर शाम्पू. म्हणाल्या, "साहेब, हा मला बाटली समजतोय." सगळे हसले. बाहीचा रंग बदला, असं मी शांतपणे सुचवलं. शांतपणा फार टिकला नाही.

९ मार्च
तिसरा प्रकार. समोर रिफ्लेक्टर लावला, सायकलच्या मागे असतो तसा. प्रकाश तिथून परत येतो, बाटली वाट अडवते. ही बाटली कोणाची वाट अडवतच नाही. स्वभावच नाही तिचा. सेन्सर जास्त संवेदनशील केला, तर धुळीलाही शाम्पू घालायला लागला.

दोष बाटलीचा आहे. मॅनेजरसाहेबांना तसं स्पष्ट सांगितलं. त्यांनी विचारलं, सेन्सरसाठी बाटली बदलायची, की बाटलीसाठी इंजिनिअर? मी म्हणालो, विचार करून सांगतो.

११ मार्च
लाइन बंद ठेवता येत नाही. उपाय निघेपर्यंत, बाटली नळीखाली आली की कोणीतरी बटण दाबायचं. मी स्वतःहून स्टुलावर बसलो. म्हणजे साहेबांनी स्टूल पुढे केलं आणि मी बसलो. बाटलीचा जवळून अभ्यास होईल. उद्यापर्यंतच.

१२ मार्च
अभ्यास चालू. चहा घ्यायला मान वळवली, तेवढ्यात बाटल्या रिकाम्या निघून गेल्या. चहा बंद. त्यामुळे बाथरूमचाही प्रश्न सुटला.

१५ मार्च
सापडलं! पारदर्शक वस्तूंसाठी वेगळाच सेन्सर मिळतो. रिफ्लेक्टरवालाच, पण प्रकाश किंचित मंदावला तरी ओळखतो. पहिल्यापासून माझ्या मनात हेच होतं. मागणी पाठवली. सही झाली की सुटलो.

जेवताना बायकोने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. माझा अंगठा टेबलावर दाबला गेला. तिने बघितलं. मग ग्लास हळूच मागे घेतला आणि पुन्हा सरकवला. पुन्हा दाबला गेला.

२० मार्च
साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. आठवडाभर एकही बाटली चुकली नाही, इतकं अचूक कुठलंही यंत्र नव्हतं, म्हणाले. छाती फुगली. सहीचं विचारलं. म्हणाले, मग आता सेन्सरची घाई कशाला?

वरची खुर्ची शेजारच्या लाइनवरच्या चष्मिसला दिली. तात्पुरती. खिडकीतून ऊन फार येतं म्हणे. डोळ्यांना वाईटच.

२३ मार्च
आज कुटुंबांना कारखाना दाखवण्याचा दिवस. बायकोला म्हटलं होतं, नको येऊस, वर फार काम असतं. तरी आली, मुलीला घेऊन. ऑफिसातल्या बाईंनी सगळ्यांना काचेच्या गॅलरीत उभं केलं आणि एकेक मशीन समजावलं. माझ्यापाशी आल्यावर जरा अडखळल्या. मग म्हणाल्या, इथे बाटली आली की नाही ते ओळखलं जातं.

मुलीने काचेवर दोन्ही हात टेकवले. "बाबा!" ओठांवरून कळलं. मग तिने हात हलवला. खूप वेळ हलवत होती.

मीही हलवणार होतो. बाटली येत होती.