हिरवा केक

३ नोव्हेंबर
नाही जमलं! म्हाताऱ्यांच्या मनगटावर मदतीचं बटण असतं, त्याच्या नव्या सॉफ्टवेअरची आज नगरपालिकेत बैठक. चाचणीसाठी मला, निवृत्त माणसाला, मुद्दाम बोलावलेलं. सांगितलं — दोन बटणं एकाच क्षणी दाबली की एकच हाक पोहोचते. दुसरी हरवते.

मालिन — माझ्याच हाताखाली शिकली, आता प्रमुख — म्हणाली, "अहो हालवार, एकाच क्षणी कोण दाबतंय? पुढच्या आवृत्तीत बघू."

"दिवे गेले की सगळेच दाबतात, मुली!"

सगळे कॉफी ढवळत बसले. आम्हा स्वीडिश लोकांत गप्प बसलं की होकारच. शिवाय बुधवारी यंत्रणा सुरू होणार, तेव्हा कापायचा हिरवा केकही सांगून झालाय. केक सांगितला की तारीख हलत नाही!

४ नोव्हेंबर
खालच्या मजल्यावर एइनारकडे गेलो, गुनवोरला घेऊन. एइनार माझा शाळेतला बाकसोबती. बाईंनी शिकवलेली बर्फाची कविता — पहिली ओळ त्याची, दुसरी माझी. साठ-सत्तर वर्षं हेच! गुनवोर माझी बायको, पण हल्ली मला ओळखत नाही. कविता ऐकली की मात्र तिचे ओठ हलतात.

एइनारनं मनगटावरचं बटण दाखवलं. "तुझं ते यंत्र मला विसरणार नाही ना रे? विसरायचं खातं आपलं!"

हसलो. जिन्यात हसू गळून पडलं.

६ नोव्हेंबर
मालिनला फोन. "तक्त्यावर सगळं हिरवं आहे." नापास झालेली चाचणीच काढून टाकली, मग हिरवंच दिसणार! आम्ही मुद्दाम तार उपटायचो, यंत्र कोसळू द्यायचो. चाचणी म्हणजे वाईट दिवस आधीच जगून पाहणं.

फोन ठेवताना हळूच म्हणाली, "भीती मलाही वाटते. पण कोणीच बोलत नाही ना..."

८ नोव्हेंबर
केक कापला. मी खाल्ला नाही. माझा तुकडा एइनारला नेऊन दिला. "गोड आहे की! सोड आता भांडण."

१४ नोव्हेंबर
वादळ. इथं नोव्हेंबरात दुपारीच अंधारतं, त्यात दिवे गेले. मी औषधं आणायला गेलेलो, धापा टाकत परतलो — तर गुनवोरजवळ परिचारिका! अंधारात पडली, तिच्या मनगटावरचं बटण दाबलं, आणि माणसं लगेच आली. मला रडूच आलं. मालिनला फोन केला. "चुकलो गं. चालतंय तुमचं."

१५ नोव्हेंबर
एइनार गेला. त्यानंही काल त्याच क्षणी बटण दाबलं होतं.

गुनवोर मघाशी कवितेची दुसरी ओळ म्हणाली. पहिली कोणी म्हटलीच नव्हती.