जीपखालचा पुठ्ठा

रविवार, संध्याकाळ

पुठ्ठा कोरडा निघाला! बाबांच्या जुन्या जीपखाली तेल टिपायला रोज ठेवतो तोच. तीनदा तेल अडवणारं सील बदललं, तरी मागच्या चाकाकडून गळायचंच. कंटाळून बाबांनी ती भंगारात द्यायची ठरवली. मालेगावचा भंगारवाला उद्या येणार होता.

सकाळी सातपूरच्या मेकॅनिक सलीमचाचांना शेवटचं म्हणून जीप दाखवली. ते खाली सरकले आणि हसायलाच लागले. "ताई, सील चांगलंय. एक्सलला हवेचं भोक असतं, त्यात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलंय. गरम हवा आत कोंडते आणि तेलाला बाहेर ढकलते." तारेनं माती खरवडली, बस्स! मी एकदाही खाली सरकून का नाही पाहिलं?

खात्रीसाठी जीपनं त्र्यंबकला जाऊन आलो. पुन्हा पुठ्ठा पाहिला. कोरडाच.

"भंगारवाल्याला काय सांगू?" मी विचारलं.

"पुठ्ठा घेऊन जा म्हणावं," बाबा म्हणाले.