पाच पट्टेरी दगड

७ एप्रिल १९५८

जमिनीच्या कागदावर ओपलमावशीची सही झाली एकदाची! काउंटीचं तिसरं उद्यान. पहिलं खडीच्या खाणीत साचलेल्या तळ्याभोवती, दुसरं पुराच्या पडीक जमिनीवर — आजवर लोकांनी टाकलेली जमीनच आमच्या वाट्याला आली. ही खरीखुरी जागा: झरा, टेकडी, ओकची राई. अट एकच, मावशी जिवंत असेतो तिच्याच घरात राहणार. सगळा गाव तिला मावशी म्हणतो. मला म्हणाली, "व्हर्न, माझ्या मरणाची वाट बघत झाडाखाली बसू नकोस हं, सर्दी होईल तुला!"

१८ एप्रिल

फाटकाला दोन दगडी खांब हवेत. आमच्या उद्यान मंडळाचे अध्यक्ष हॉलिस म्हणतात, "विकतचा दगड नको. ज्या जमिनीचं उद्यान, तिचाच दगड." आधीच्या दोन्ही उद्यानांना असंच केलं होतं. राईत पाच चपटे दगड दिसले, पांढऱ्या पट्ट्यांचे. मीच माणसांना बोट दाखवलं. मग राईतल्या जमिनीचं सपाटीकरण.

२ मे

खांब उभे. पट्टेरी दगड दर्शनी बाजूला लावलेत. झकास!

११ मे

उद्घाटनाच्या पत्रकात उद्यानांचा इतिहास लिहायचाय, म्हणून मावशीकडे गेलो. कॉफी ओतता ओतता म्हणाली, "राईतल्या माझ्या पाच पोरांबद्दल लिही. एकही वर्षाचं झालं नाही. नावं कोरायची ऐपत कुठली! यांनी दर वेळी नदीतून एक दगड आणून उशाशी ठेवला." आता गुडघ्यांमुळे ती वर्षातून एकदाच जाते, डेकोरेशन डेला, गाव कबरींवर फुलं वाहतो तेव्हा. मग माझ्याकडे बघत बसली. मी खाली मान घालून कॉफी संपवली. भित्रा!

जमिनीच्या कागदावर 'कबरी नाहीत' अशी खूण माझ्याच हातची आहे.

१२ मे

हॉलिसना सांगितलं. ते म्हणाले, "खांब पाडलेस तर पेपरवाले आपल्याला पाडतील. नदीतून दुसरे पाच आण नि ठेव. म्हातारीला काय कळतंय!"

१४ मे

आणले. पट्ट्यांचे मिळाले नाहीत. ठेवायचे तरी कुठे? राई आम्हीच सपाट केलेली. अंदाजाने ओळीत मांडले. स्वतःचीच किळस आली.

२१ मे

पत्रकात लिहिलं: 'येथे पूर्वी फक्त शेती होती.' खोडलं. हॉलिसनी पुन्हा घातलं. मी तसंच छापायला दिलं.

२९ मे

उद्या उद्घाटन, उद्याच डेकोरेशन डे. आज सांगायचंच म्हणून गेलो. मावशी अंगणात पिओनीची फुलं कापत होती. "उद्या मला गाडीतून नेशील?" हो म्हणालो. बाकीचं तोंडातच राहिलं.

३० मे

गाडी राईकडे वळवली तशी मावशी म्हणाली, "तिकडे कशाला? फाटकाशी थांब." काठी टेकत उतरली. डाव्या खांबाशी तीन फुलं ठेवली, उजव्याशी दोन.

"दर रविवारी चर्चला इथूनच जाते मी. यांनी आणलेले दगड ओळखणार नाही होय? त्या दिवशी कॉफी पिताना तू सांगशील असं वाटलं होतं, व्हर्न."